शब्दचर्चा : स्वतःची 'परीक्षा' करायची की स्वतःचा 'कस' लावायचा?

शाहूपुरीकर

नमस्कार मंडळी. एका शब्दापाशी अडलेय, तेवढी मदत करा.

आमच्या चर्चमध्ये येत्या रविवारी प्रभुभोजन (भाकर-द्राक्षरसाचा विधी) आहे. त्याआधी बुधवारच्या महिला सभेत सगळ्यांना एक पान वाटायचं ठरलंय. घरी निवांत बसून प्रत्येकीनं आपल्या आत्मिक जीवनाकडे बघावं, वाढ कुठे झाली, कुठे खुंटली, प्रभूचं शिकवणं स्वभावात किती उतरलं आणि तोंडातच किती राहिलं, असा त्याचा विषय. लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मजकूर झाला, मथळा होईना.

आधी 'आपली परीक्षा करा' असं लिहिलं. बायबलातल्या करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रात, १३ व्या अध्यायात प्रेषित पौल तेच सांगतो, म्हणून. सासूबाईंनी चष्मा लावून पान वाचलं आणि परत दिलं. "परीक्षा म्हटली की मार्क आले, आणि मार्क आले की शेजारणीला किती पडले ते बघणं आलं." एवढ्यावर थांबल्या नाहीत. "दर रविवारी प्रभूच्या प्रार्थनेत 'आम्हांला परीक्षेत आणू नकोस' म्हणतो आणि बुधवारी तूच परीक्षेला बसवतेस होय गं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. (आमचा धाकटा दहावीला होता त्या वर्षी ती ओळ फार मनापासून म्हणायचा.)

मग 'चारित्र्य तपासा' लिहिलं आणि मीच खोडलं. पेपरात 'चारित्र्याच्या संशयावरून' एवढं वाचल्यावर पुढची बातमी काय असते ते सगळ्यांना ठाऊक आहे. तो शब्द बायकांच्या सभेत नकोच. 'आत्मपरीक्षण' निवडणूक हरलेल्या पक्षांनी वापरून वापरून गुळगुळीत केलाय. धाकट्या जावेनं 'आत्मिक ऑडिट' सुचवलं, ती बँकेत आहे.

तर 'परीक्षा', 'पारख', 'तपासणी', 'झडती', 'कसोटी' यांतलं नेमकं काय घ्यावं? आणि रोमकरांस पत्रात 'संकटाने धीर, धीराने शील, शीलाने आशा' असं येतं, त्यातल्या 'शील'चा अर्थ काय धरायचा?

मंगळवार पेठ

ऑडिट नको वहिनी. आमच्या सोसायटीचं झालंय एकदा. दोन वर्षं झाली, अजून कुणी कुणाशी बोलत नाही.

निवृत्त मास्तर

शाहूपुरीकरताई, तुमच्या सासूबाईंनी नकळत अनुवादातल्या एका जुन्या गाठीवर बोट ठेवलं आहे.

'परीक्षा' हा मुळात शाळेचा शब्द नाही. परि आणि ईक्ष्, म्हणजे चहूबाजूंनी पाहणं. 'पारख' हाही त्याचाच प्राकृतातून घासत आलेला भाऊ. म्हणजे परीक्षा आणि पारख हे दोन शब्द नव्हेत, एकाच शब्दाची दोन वयं म्हणा. शाळा, मार्क, नापास हे सगळं नंतर चिकटलं. पण चिकटलं ते चिकटलंच. आज 'परीक्षा' म्हटल्यावर कुणाला चहूबाजू आठवत नाहीत, बाक आठवतो.

ग्रीकमध्ये मात्र खरोखर दोन वेगळे शब्द आहेत. तरुणपणी थोडं ग्रीक शिकलो होतो, त्या आधारावर सांगतो. एक 'पेइराझो'. पारखून बघणं आणि मोहात घालणं हे दोन्ही त्याच्या पोटात बसतं. प्रभूच्या प्रार्थनेतला 'परीक्षेत आणू नकोस' याच घरातला. याकोबाच्या पत्राच्या पहिल्या अध्यायात देव कोणाला मोहात घालत नाही असं म्हटलंय, तिथेही हेच क्रियापद. मराठीला कधी 'परीक्षा' तर कधी 'मोह' असे दोन शब्द करावे लागले.

दुसरा 'डोकिमाझो'. हा नाण्यांचा आणि धातूंचा शब्द आहे. नाणं खरं निघालं की ते 'डोकिमॉस', खोटं निघालं तर 'अडोकिमॉस'. प्रभुभोजनाआधी माणसानं स्वतःला पाहावं असं पौल करिंथकरांच्या पहिल्या पत्राच्या ११ व्या अध्यायात लिहितो, तिथे हे दुसरं क्रियापद आहे. तुम्ही सांगितलेल्या १३ व्या अध्यायात एकाच वाक्यात दोन्ही शेजारी शेजारी येतात.

आता 'शील'. रोमकरांस पत्रात त्या जागी 'डोकिमे' हे नाम आहे. नव्या करारात ते फक्त पौलाच्या पत्रांत सापडतं. अर्थ चांगली वागणूक एवढाच नाही, तर कसाला लागून खरं ठरलेलं असणं. संकटातून धीर, आणि धीर धरून धरून माणूस खरा निघाला, ते खरं निघणं म्हणजे डोकिमे. आपला तरुण सोबती तीमथ्य याच्याबद्दल फिलिप्पैकरांना लिहिताना पौल हाच शब्द वापरतो. तो गुणी मुलगा आहे एवढंच सांगायचं नाही, तुम्ही त्याला वापरून बघितलंय असं त्याला म्हणायचंय.

गुजरीचा पोरगा

मी ख्रिश्चन नाही, बायबलातलं काही कळत नाही. पण मास्तर धातूवर आले म्हणून तोंड घालतो. आमची तिसरी पिढी गुजरीत, सोनारांच्या पेठेत, बसतीय.

कसोटी म्हणजे काळा दगड. हा शब्द संस्कृत 'कषपट्टिका'वरनं आलाय असं कॉलेजात मराठीच्या सरांनी सांगितलेलं, कष म्हणजे घासणे. गिऱ्हाईकानं मोड, म्हणजे जुना दागिना, आणली की तो त्या दगडावर घासायचा, रेघ उमटती. त्या रेघेला आम्ही 'कस' म्हणतो. शेजारी ठाऊक असलेल्या कॅरेटच्या काडीची रेघ मारायची. मग दोन्हीवर तेजाब फिरवायचं. हलकं असंल ते विरतं, सोनं असंल तेवढं राहतं. दोन रेघा शेजारी ठेवल्याशिवाय काही कळत नाही, हे लोकांच्या ध्यानात येत नाही. नुसती एक रेघ बघून कुणी २२ कॅरेट सांगितलं तर तो थापा मारतोय म्हणून समजा.

आता मशीन आलंय. २०२१ च्या जूनपासनं हॉलमार्क सक्तीचा होत गेला, २२ कॅरेटला ९१६ चा शिक्का आणि सहा अक्षर-अंकांचा नंबर. पण मशीन वरवरचंच बघतं. जाड मुलामा असला तर चकतं. दगडही चकतो. म्हणून वाडवडील आधी कानशीनं जरा खोल घासायचे आणि मग कस लावायचे. लईच शंका आली तर मुशीत घालून गाळणे हाच शेवटचा उपाय.

मग ताई, तुमच्या पानाला 'कस' घ्या की. पण मुलाम्याचं ध्यानात ठेवा. चर्चमध्ये काय, देवळात काय, वरचा मायक्रॉनभर थर सगळ्यांचाच चांगला असतो.

शाहूपुरीकर

मायक्रॉनवर सासूबाई अजून हसतायत.

खोल घासल्याशिवाय कस लागत नाही, हे पटलं. १३९ व्या स्तोत्राच्या शेवटी दावीद देवाला माझी 'झडती' घे म्हणतो, ते असंच काही असावं. मला तो शब्द नेहमी पोलिसी वाटायचा. पण झडती म्हणजे झाडून घेणं, खिसे उलटे करून दाखवणं, असं बघितलं तर तो आपणहून मागायचा शब्द होतो.

मंगळवार पेठ

एक शंका. 'कस' म्हणजे ताकद पण ना? 'जमिनीचा कस गेला' म्हणतो आपण. मग 'आपला कस लावा' वाचून बायका जोर लावतील.

निवृत्त मास्तर

शंका रास्त आहे. मराठीत 'कस' दोन कामं करतो, दगडावरची रेघ आणि अंगातलं सत्त्व. 'कसदार जमीन', 'कसदार लेखन' हे दुसरं. दोघांचा संबंध तुटलेला नाही: कसाला जे उतरतं ते आत असलेलं सत्त्वच. पण 'कसेल त्याची जमीन' मधलं कसणं वेगळं, ते कृष् धातूकडून, नांगरण्याचं. आणि 'कसरत' तर अरबी-फारसीतून आली. तिचा या कुणाशीच संबंध नाही, नुसता आवाज जुळतो.

कसरत मुद्दाम काढली, कारण तीमथ्याला पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात 'सुभक्तीविषयी कसरत कर' असं आहे. मूळ ग्रीक शब्द व्यायामशाळेतला.

मंगळवार पेठ

हे लई आवडलं. पण आमच्या तालमीत कुणी कसरत म्हणत नाही. कसरत सर्कशीत. इथं 'मेहनत' म्हणतात. "मेहनत झाली का?" एवढंच विचारतात. आणि मेहनत बरोबर चाललीय का नाही, ते पैलवान स्वतः ठरवत नाही. त्याला वाटतं मी सरळ बैठक मारतोय, वस्ताद लांबनं ओरडतो, "गुडघा बघ." तांबड्या मातीत आरसा नसतो.

म्हणून वहिनी, पान घरी एकटीनं भरायचं असेल तर अर्धंच काम होणार असं मला वाटतं. चुकलो तर सांगा.

गोव्याची सून

माझं माहेर गोव्याचं, कॅथलिक. दिलं कोल्हापुरात, म्हणून दोन्हीकडचं ऐकलंय. आमच्या कोकणीत पापकबुलीला 'कुमसार' म्हणतात, पोर्तुगीज 'कॉन्फेसार' वरून. कुमसाराला जायच्या आधी आजी आम्हा पोरांना भिंतीकडे तोंड करून बसवायची आणि सांगायची, आठव. काय आठवू विचारलं तर म्हणायची, आधी बरं काय झालं ते आठव, मग वाईट आपसूक आठवेल.

मोठेपणी कळलं की हे तिच्या मनचं नव्हतं. जेझुइट संघ काढणाऱ्या इग्नेशियस लोयोलानं घालून दिलेल्या रीतीत दिवसाचा आढावा आभारापासूनच सुरू होतो. मग प्रकाश मागायचा, दिवस डोळ्यांखालून घालायचा, क्षमा मागायची, उद्याचं ठरवायचं. एका खास दोषासाठी तर तो रेघा आखून त्यावर चुकेल तितके ठिपके द्यायला सांगतो, आणि आजची रेघ कालच्या रेघेशी ताडून बघायला. गुजरीच्या भाऊंनी दोन रेघा शेजारी ठेवायच्या म्हटलं तेव्हा तेच आठवलं. शेजारणीची रेघ नव्हे हं, स्वतःचीच कालची.

निवृत्त मास्तर

गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल नेमकं हेच बजावतो. प्रत्येकानं आपल्या कामाचा कस पाहावा, म्हणजे अभिमान वाटला तरी स्वतःपुरता राहील, दुसऱ्याशी तुलना करून नव्हे. तिथेही 'डोकिमाझो'च. तुमच्या सासूबाईंची मार्कांची भीती पौलालाही होती असं दिसतं.

आणखी एक गोष्ट, मला वाटतं इथली सगळ्यात कामाची. करिंथकरांच्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात हाच पौल म्हणतो की मी स्वतःचाही न्याय करत नाही. मग स्वतःला पाहा म्हणून सांगणारा माणूस स्वतः का पाहत नाही? तिथला शब्द तिसराच आहे, 'अनाक्रिनो'. कोर्टातली तपासणी, आरोपीची चौकशी. म्हणजे कोर्ट त्यानं नाकारलं, कसोटीचा दगड नाकारला नाही. आपण मराठीत दोन्हीला 'परीक्षण' म्हणतो आणि म्हणून प्रभुभोजनाच्या आदल्या रात्री निम्मी मंडळी आरोपीच्या पिंजऱ्यात उभी असतात. माझी आई तर कित्येकदा "मी लायक नाही" म्हणून मागच्या बाकावरच बसून राहायची. वास्तविक पौलाचं वाक्य 'पाहावं आणि मग खावं' असं आहे. पाहावं आणि उठून जावं असं नाही.

सोनार दागिना घासतो तो सोनं किती आहे ते कळावं म्हणून. दागिन्याला शिक्षा द्यायला कोण घासतो?

गुजरीचा पोरगा

बरोबर. आणि २४ कॅरेटचा दागिना सहसा करत नाहीत मास्तर, मऊ पडतो. थोडं तांबं-चांदी लागतंच.

निवृत्त मास्तर

तिथे थांबू या. उपमा फार ताणली की पापाला 'तेवढं तांबं लागतंच' म्हणून सूट मिळायची.

पंचशील कागल

'शील'बद्दल एक. आमच्या घरी पंचशील रोज म्हणतात. तिथे शील म्हणजे धरायचा नियम, पाच गोष्टींपासून दूर राहीन अशी सवय लावून घेणं. आधी धरायचं, मग टिकवायचं. तुमच्या पत्रातलं शील संकटातून शेवटी हाती लागतं, असं मास्तरांच्या सांगण्यावरून दिसतं. शब्द एक, दिशा उलटी. ताई, तुमच्या पानावर 'शील' नुसतं ठेवलंत तर आमच्यासारख्याला पहिलं आठवेल, आणि बाकीच्यांना बहुतेक 'शीलभ्रष्ट' आठवेल, तो तुमच्या 'चारित्र्या'चाच भाऊ. एका ओळीत उलगडून सांगा.

शाहूपुरीकर

घेते. 'शील, म्हणजे कसाला उतरलेलं मन' असं लिहिलं तर चालेल?

आणि एक कबुली. पानावर मी एक तक्ता केला होता. गलतीकरांच्या पाचव्या अध्यायातली आत्म्याच्या फळाची ती नऊ नावं, प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. प्रत्येक नावापुढे दहापैकी किती. एकूण नव्वद.

निवृत्त मास्तर

तक्ता काढा. तिथे 'फळ' एकवचनी आहे, मराठीतही आणि ग्रीकमध्येही. नऊ फळांची टोपली नाही ती, एकाच फळाच्या नऊ चवी समजा. सौम्यतेला तीन आणि आनंदाला नऊ देणाऱ्या बाईनं घरी कुणाला तरी विचारावं, आनंद नक्की कुणाला झाला ते.

साडेबाराचा उतारा

शिरोळकडनं लिहितोय. तुम्ही सगळे 'कस'मध्ये गुंतलाय, पण ताईंनी 'वाढ' शब्द वापरलाय त्याचं काय? आमचा एक भाऊबंद तुमच्यातला, त्याच्या घरच्या प्रार्थनेला बसतो मी कधीकधी. तिथं सारखं 'आत्मिक वाढ, आत्मिक वाढ'. आमच्याकडं 'आध्यात्मिक उन्नती' म्हणतात, ती डोंगर चढल्यागत वाटते. 'वाढ' मला जास्त बरी वाटली, शेतातली आहे. पण वाढीनं फसायला होतं हे ऊसवाल्याला विचारा.

युरिया ओतला, पाणी तोडीपर्यंत सोडलं, की ऊस माणसाच्या दुप्पट होतो. बघणारा म्हणतो काय पीक! गाळला की उतारा, म्हणजे उसातनं निघणारी साखर, नाही. उंची पाण्याची, साखर कमी. आणि पिकलाय का हे बघायला नुसतं बुडख्याचं कांडं चोखून भागत नाही. बुडखा आधी गोड होतो, शेंडा पाणचट राहतो. कारखान्याची माणसं बुडख्याचा, मधला आणि शेंड्याचा रस काढून दुर्बिणीगत यंत्रात ब्रिक्स, म्हणजे रसाची गोडी, बघतात. शेंड्याचं माप बुडख्याच्या जवळ आलं की ऊस तोडीला आला. आडसाली असला तर त्याला सोळा-अठरा महिने जातात, मध्ये कुणी घाई करून उपयोग नाही.

तवा, वीस वर्षांपूर्वी साक्ष दिली, बाप्तिस्मा घेतला, ते बुडख्याचं झालं. गेल्या महिन्यातलं कांडं काय म्हणतंय ते बघा.

गोव्याची सून

काका, हे पानावर टाकायलाच पाहिजे.

मंगळवार पेठ

उतारा साडेबारा खरंच पडतो का हो तुमचा?

साडेबाराचा उतारा

नाव ठेवायला काय जातंय.

शाहूपुरीकर

सगळ्यांचे आभार. काल रात्री पान पुन्हा लिहिलं. तक्ता काढला. 'परीक्षा' एकदाच ठेवली, वचनात आहे म्हणून, आणि तिच्याखाली मास्तरांचं 'चहूबाजूंनी पाहणं' घातलं. सुरुवात आभारानं केली, गोव्याच्या ताईंच्या आजीची पद्धत. मग तीनच प्रश्न. पहिला शेंड्याच्या कांड्याचा: गेल्या महिन्यातली एक गोष्ट सांगा, जी मागच्या वर्षीची तुम्ही वेगळी केली असती. दुसरा वस्तादाचा: तुमचा गुडघा वाकडा आहे हे सांगायची मुभा तुम्ही कुणाला दिलीय? तिसऱ्यापाशी जरा अडलेय. मथळा 'प्रभुभोजनाआधी आपला कस आपण पाहू' असा केलाय. गुजरीचे भाऊ, व्याकरण बरोबर आहे ना?

गुजरीचा पोरगा

व्याकरणाचं मास्तर सांगतील. दुकानात आम्ही कस 'लावतो', मग 'बघतो', आणि माल कसाला 'उतरतो'. आधी लावायला पाहिजे, नाहीतर बघणार काय? आणि लावायला दगड लागतो. स्वतःवर स्वतः घासून रेघ उठत नाही.

शाहूपुरीकर

मिळाला तिसरा प्रश्न. मथळा आता 'प्रभुभोजनाआधी आपला कस लावू', आणि शेवटचा प्रश्न असा: 'गेल्या महिन्यात तुमचा कस कुणापाशी लागला? एकच नाव लिहा, कुणाला दाखवू नका.'

सासूबाईंना पहिली प्रत दिली. दोन प्रश्नांना बराच वेळ लावला, तिसऱ्याला अजिबात नाही. नाव लिहिलं, चार घड्या घालून बायबलात ठेवलं आणि चहा टाक म्हणाल्या. बहुतेक माझंच असणार. झेरॉक्सवाला दहाला उघडतो, चाळीस प्रती काढायच्यात, निघते.